एका चुडात दोन ॲपं

माझ्या साडूंना जगातल्या कोणत्याही दोन वस्तूंमधून एक निवडता येत नाही. माझ्या मेहुणीशी त्यांचं लग्न झालं ते केवळ तेव्हा दुसरं स्थळ सांगून आलं नव्हतं म्हणून. माणूस हुशार. पुण्याच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितात, पण बसतात एकोडीला, गावच्या घरी, धानाच्या पोत्यांना पाठ लावून. प्रोग्रॅम लिहिताना हाताशी लागणारी बारीकसारीक ॲपं हा त्यांचा जीव की प्राण. स्क्रीनचा फोटो काढणारं, रंग ओळखणारं, कॉपी केलेलं सगळं जपून ठेवणारं; आणि प्रत्येक कामाला त्यांना किमान दोन तरी आवडणार. मी नागपूरला बँकेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी दर रविवारी फोन यायचाच, "साडभाऊ, हे ठेवू का ते ठेवू जी?" मी काहीही सांगितलं तरी उत्तर ठरलेलं, "थे बी बरोबर हाय, पन..." त्या 'पन'नंतर माझा चहा थंडगार व्हायचा.

शेवटी त्यांनी यावर धानाची रीत लावली. जुना लॅपटॉप म्हणजे पऱ्हे, रोपं वाढवायची जागा. नवं ॲप आधी तिथे पेरायचं; तरारलं तर कामाच्या लॅपटॉपच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी. एखादं मध्येच बंद पडलं की हळहळायचे, "करपा आला जी त्याले." मी हसलो तर रागवायचे, "काहून हसून राहिले? बिना पऱ्ह्याचा रोवणा होते का?"

मग कंपनीने सगळ्यांना पुण्याला परत बोलावायचं काढलं. गावात बसून काम नीट होतं का, हे साहेब एक दिवस स्क्रीनवर पाहणार आणि मगच ठरवणार. पुण्याला जावं लागलं असतं तर मेहुणीची अंगणवाडी सुटली असती. आणि साडू तर बांधावर फेरी मारल्याशिवाय जेवत नाहीत! नेमका मी त्या दिवशी एकोडीलाच होतो. कॅमेऱ्यात न दिसता पोत्यांआड बसलो आणि मनातल्या मनात देव आठवत राहिलो.

काम सुरू झालं आणि चिकटवलेली प्रत्येक ओळ स्क्रीनवर दोनदा उमटू लागली. एक पुसावी, तर पुढची पुन्हा दोनदा. साहेब म्हणाले, "गावात नेटवर्कचा त्रास दिसतोय." साडूंचे कान लाल झाले.

"नाही सर, गाव बरोबर आहे. मीच एका चुडात दोन काड्या लावल्या."

एक काडी मेली तर दुसरी जगावी म्हणून धान रोवताना एका जागी, एका चुडात, दोन रोपं लावतात, तसं कॉपी जपणारी दोन्ही ॲपं त्यांनी सोबतच रोवली होती. दोन्ही एकाच बटणावर एकदम धावत होती.

दारातून मेहुणी म्हणाली, "अवो, मंग एक उपटा ना!"

"कोनतं?"

"ज्याचं नाव आता तोंडात येऊन नाही राहिलं, थे."

साडूंनी डोळे मिटले, उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक काढून टाकलं. ओळ एकदाच उमटली. साहेब इतके हसले की काम पाहायचं विसरले, मग पाहिलं आणि म्हणाले, "राहा तिथेच." मी पोत्यांआडून सुटकेचा असा श्वास सोडला की साहेबांनी विचारलं, "कोण आहे?"

आता रविवारी फोन येत नाही. चहा गरम असतो. परवा न राहवून मीच लावला, "पऱ्ह्यात काय आहे?"

"काहीच नाही जी. बांधी मस्त हिरवी हाय."

मला फार बरं वाटलं. तरी फोन ठेवायच्या आधी मी थोडा वेळ त्यांच्या 'पन'ची वाट पाहिली.