तर्फेचा रकाना
घोंगडीचा उग्र वास आला की पोलादपूरच्या त्या पतसंस्थेतला काचेचा काउंटर आठवतो. डोंगरावरच्या वाडीतून जो कोणी बाजाराला उतरे, तो साऱ्या घरांचे पैसे भरून जाई, अशी तिथली रीत. पुण्याहून आलेल्या दीडशहाण्या संगणकतज्ज्ञाने मात्र व्यवहारांच्या तक्त्यात भरणाऱ्याचाच रकाना ठेवला. पैसे कोणातर्फे भरले, हे विचारलेच नाही. परिणामी एका म्हातारीचे शेळ्या विकून आलेले पैसे ते भरणाऱ्या गुराख्याच्या नावावर दिसू लागले, आणि महाडला तिच्या डोळ्याचे ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होते. कचेरीसमोर अर्ज लिहून देणारा मी; तिचा तक्रारअर्ज घेऊन, तिला आणि घोंगडी पांघरलेल्या त्या गुराख्याला सोबत घेऊन जातीने गेलो. "तर्फे हा शब्द आम्ही साध्या अर्जातही गाळत नाही," मी सुनावले. "काका, सिस्टीमप्रमाणे पैसे ह्यांचेच आहेत," स्क्रीनवरची नजर न काढता तो तज्ज्ञ म्हणाला. सोबत आलेला गुराखी हसला. "माजं नाय सायेब, हिचं हाय. पन तुमचा डबा म्हनतो, तर द्या मलाच." त्याने सही करून पैसे उचलले आणि तिथेच म्हातारीच्या पदरात टाकले. "मोजून घे गो आये." परवा कचेरीसमोर तिने मला रस्त्यापलीकडून ओळखले. त्या तज्ज्ञाला मात्र ती काउंटरला टेकून उभी असतानाही दिसली नव्हती.