एका उकळीत

बाटिक हा शब्द आमच्या घाटकोपरच्या खोलीत आला, तेव्हा बाबांच्या गिरणीतला संप वर्षाहून जुना झाला होता. शब्द आईने आणला. कॉलनीच्या महिला मंडळात दुपारचा वर्ग निघाला होता आणि सांताक्रूझहून एक बाई शिकवायला यायच्या. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, मग कापड रंगात बुडवायचं. मेणाखाली रंग जात नाही, तेवढी जागा तशीच राहते. शब्द जावा बेटावरचा, असं बाईंनी सांगितलं होतं. शेजारची गुजराती भाभी, वरच्या मजल्यावरची तमिळ मामी, सगळ्या आपापल्या सुरात तोच शब्द म्हणायच्या. चिनी लोकांचा म्हणे स्वतःचा शब्द आहे आणि त्यात मेण आणि रंगवणं दोन्ही येतं, हे मी फार पुढे कुठेतरी वाचलं. बाबा मात्र ‘तुझा ता मेण’ एवढंच म्हणत.

ते वीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांच्या हातचा रंग ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा बसायचा, डाग म्हणून शोधून सापडायचा नाही. आता ते घरी बसून होते आणि घरात रंग आई करत होती. त्यांना काय होत असेल ते मला आज कळतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला ते नुसते खडूस वाटायचे.

“थंड पाण्यात रंग कधी धरता काय?” ते म्हणायचे. “दोन धुण्यात जातलो.”

“बाई सांगतत तसा करतंय मी,” आई म्हणायची. हा रंग थंड पाण्याचाच असतो, गरम पाण्यात मेण वितळेल, एवढं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण रंगाऱ्याला रंग शिकवायला तिची जीभ रेटली नाही.

बाई लग्न होऊन बडोद्याला जाणार होत्या. त्यांच्या जागी मंडळाला शिकवायला कुणीतरी हवं होतं, दरमहा पगारावर. आईचं नाव बाईंनीच पुढे केलं. अट एकच, अख्खी साडी एकटीने करून रविवारी मंडळाच्या बायकांना दाखवायची. आमच्या घरात त्या वेळी दुसरा पगार नव्हता. आई पंधरा दिवस त्या साडीवर वाकलेली होती. बाईंनी कोयऱ्या काढायला सांगितल्या होत्या, आईने गावचे काजू काढले, बोंडासकट. पांढऱ्या रेघा मेणाने झाकल्या, कुंचल्याने काजूत पिवळा रंग भरला, मग पिवळ्यावरही मेण चढवलं. शेवटचा मरून रंग तेवढा राहिला होता. तो दिला की उकळत्या पाण्यात मेण काढायचं, झालं.

शनिवारी सकाळी आई रॉकेलच्या रांगेला गेली. बाबा बराच वेळ साडीकडे बघत बसले. मग उठले, मोठा टोप स्टोव्हवर चढवला, पाण्यात आईचा मरून रंग कालवला आणि मला म्हणाले, “मेण उकळूनच काढूचा आसा ना? रंगय उकळूनच पक्को होता. एका उकळीत दोनय कामा. रॉकेल वाचात, तिका तेवढोच इसावो.”

मला माहीत होतं. वर्गात मी दोनदा गेले होते, रंगाचं पाणी गार असतं हे मी हात घालून पाहिलं होतं. पण बाबा कित्येक महिन्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडून उभे होते आणि काठीने साडी वरखाली करताना तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. मी बोलले नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

मेण वर तरंगायला लागलं. बाबांनी ते डावाने निगुतीने काढून टाकलं आणि ढवळतच राहिले. साडी बाहेर काढून दोरीवर टाकली तेव्हा त्यांचा चेहरा हसरा होता. मग ते हळूहळू साडीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेले. सगळी मरून. पिवळ्याच्या जागी जरासा गडद, एवढाच फरक. एकही काजू नाही. ते खाली बसले ते आई येईपर्यंत उठले नाहीत.

आईने दारातूनच पाहिलं. रॉकेलचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, “जेवलात तुमी?” तिला रडताना मी त्या दिवशी पाहिलं नाही.

रविवारी ती मंडळात गेली नाही, म्हणून संध्याकाळी बाई घरी आल्या. बाबा पडद्यामागे पलंगावर होते.

“हे काय झालं?” साडी पाहून बाईंनी विचारलं.

“चुकून गरम रंगात घातली मी,” आई म्हणाली.

बाई हळहळल्या. जागा दुसरीला द्यावी लागेल, आता माझा इलाज नाही, म्हणाल्या. मग साडी उजेडात धरून त्यांनी पदर उलटापालटा केला. “पण रंग काय सारखा बसलाय हो! एवढ्या लांबीला कुठे डाग नाही. तुमच्या हातात कला आहे.”

आई मान खाली घालून “हो” म्हणाली.

बाई गेल्यावर बाबा बाहेर आले. “चूक तू आपल्यार घेतलंस, ती घेतलंस,” ते म्हणाले. “पण रंग माझ्या हाताचो होतो. ह्या तरी सांगूक होया होता.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग एकदम मला म्हणाली, “धाव गो, बाईंका हाक मार.” मी अनवाणीच जिना उतरले, कॉलनीच्या गेटपर्यंत पळाले. बाई रिक्षाने निघून गेल्या होत्या.