आत्याचं नाक

माझ्या आत्येसासूला सगळे 'नाक' म्हणत. सासऱ्यांची ही थोरली बहीण, बिनलग्नाची, आणि आमचा धंदा वाईन करण्याचा, त्यामुळे तळघरातल्या प्रत्येक बाटलीवर शेवटचा शब्द तिचा. मी सून म्हणून आले त्याच दिवशी तिनं माझं अत्तर मोरीत ओतलं. "या घरात वास फक्त वाईनला असतो," म्हणाली. तेव्हापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच. तोंडावर मी 'अहो आत्या' म्हणायची, मनात मात्र 'ती बया'.

नाक होतं खरं तिला, खोटं का बोलू? माझ्या नवऱ्यानं गच्चीत चोरून ओढलेली सिगारेट तिला जिन्यातच कळायची. आमची रीझलिंग, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षांची पांढरी वाईन, कोरडी असते, गोडवा न ठेवलेली. ताजी असताना नुसती लिंबासारखी आंबट. वर्षानुवर्षं आडवी ठेवली की तिला मधाचा आणि चक्क रॉकेलचा वास येतो, आणि त्या रॉकेलसाठीच जाणकार जीव टाकतात. पण मध्ये एक काळ असा येतो की बाटली काही केल्या वासच देत नाही. तळघरात म्हणतात, वाईन मुकी झाली. मुकी झाली की थांबायचं. कधीपर्यंत, ते नाक सांगणार. चव घेताना आत दुसरं कुणी चालायचं नाही, आमच्या साबणाचासुद्धा बाईंना त्रास. दार लावून घ्यायची, बाहेर येऊन एक शब्द टाकायची आणि सगळं घर माना डोलवायचं. माझा तिळपापड व्हायचा.

मग सासऱ्यांच्या घशात गाठ निघाली. सोमवारपासून किरणांचे शेक सुरू होणार होते, आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, तोंडाची चव जाईल, बहुतेक परत यायची नाही. सासऱ्यांनी एकच गोष्ट मागितली. त्यांनी तरुणपणी केलेली पहिली रीझलिंग, जी बहिणीनं आजवर उघडू दिली नव्हती, ती चव आहे तोवर प्यायची होती.

"पण मुकी असेल तर नको," ते म्हणाले. "तसली पिऊन कायमची लक्षात राहण्यापेक्षा न प्यालेली बरी. ताईला विचार."

आत्याचं मनगट लचकलं होतं, म्हणून बूच काढायला पहिल्यांदाच मला आत घेतलं. बूच निघालं आणि मध, लिंबाची साल, रॉकेल असा काही घमघमाट सुटला की मी जागच्या जागी थबकले. आत्यानं पेला हलवला, त्यात नाक खुपसलं, घोट तोंडात घोळवला आणि चाखणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे थुंकून टाकला.

"मुकी," ती म्हणाली. "सांग त्याला, आधी उपचार होऊ देत."

मला आठवलं, मागच्या आठवड्यात माझ्या हातून दूध करपून घर धुरकटलं तेव्हा ही शेजारच्या खोलीत पाठ करून निवांत बसली होती. मला बोलणी बसावीत म्हणून बसलीय, असं मला वाटलं होतं. कोपऱ्यात बूच खराब झालेली एक टाकाऊ बाटली होती, ओल्या पुठ्ठ्यासारखी घाण मारणारी. मी तीच पेल्यात ओतून पुढे केली.

"आणि ही?"

तिनं हुंगली, चाखली. "हीपण मुकी."

"ही खराब झालीय, आत्या. तुमचं नाक गेलंय."

तिनं धडक्या हातानं माझा दंड आवळला. "वर एक शब्द बोललीस तर बघ!"

"आणि बाबांचं काय?"

"त्याला मी लहानाचा मोठा केलाय. तू मला शिकवू नकोस."

माझ्या अंगाची नुसती आग झाली. दंड सोडवला, चांगली बाटली उचलली आणि जिना चढले. एरवी गुडघ्यांच्या नावानं कण्हणारी ती बाई मागून शिव्या घालत धडाधड वर आली.

सासऱ्यांनी पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी सगळं सांगून टाकलं. मीठमसाला लावायची गरजच नव्हती.

"खरं का, ताई?"

"खरं. मागच्या महिन्यात ताप आला ना, तेव्हापासून मला सगळं पाणीच लागतं."

"आणि मला तू ही न चाखताच उपचारांना पाठवणार होतीस?"

"नाक गेलं म्हणून सांगितलं असतं तर या घरात मला कुणी विचारलं असतं?" ती ओरडली.

सासऱ्यांनी घोट घेतला. गिळताना दुखलं तशी टेबलाची कड धरली, आणि पुन्हा घेतला. ती समोर बसली. जन्मभर इतरांना सांगत आलेली बाई पुढे वाकली.

"कशी झालीय रे?"

त्यांनी बाटली स्वतःकडे ओढली आणि पेला भरला.

"सांग ना. रॉकेल आलंय का?"

ते खिडकीबाहेर बघत पीत राहिले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत असल्यासारखं. मला कीव आली नाही. मी टेबलावरची चहाची रिकामी कपबशी उचलली आणि आत निघून गेले.