दोन रेघांचा सेल

गाडीच्या चावीतला सेल बदलायला दोन मिनिटं लागतात. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. चावीच्या मागची खटकी सरकवायची, आतली लोखंडी पट्टी ओढून काढायची, त्या फटीत नाणं घालून हलकेच पिळायचं. टक् आवाज होतो आणि चावीचे दोन भाग हातात येतात. एका दुपारी बाबा झोपले असताना मी हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर उरकलं. लोक संपलेला सेल काढून चांगला घालतात. मी चांगला काढला आणि आमच्या वजनकाट्यातला संपलेला घातला.

बाबा जंगल खात्यात ड्रायव्हर होते. आलापल्ली ते सिरोंचा या रस्त्यावर त्यांची जीप इतकी वर्षं फिरली, की कुठल्या वळणावर मोहाचं झाड आहे आणि कुठल्या नाल्याला कधी पाणी चढतं, हे ते झोपेतही सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी कार घेतली. एकच चावी मिळाली आणि तीही नुसता ठोकळा. खिशात ठेवायची, बटण दाबलं की गाडी सुरू. "चावी फिरवल्याबिगर गाडी चालते म्हंजे भुताटकीच हाय," असं म्हणत त्यांनी ती पहिल्याच आठवड्यात वश करून घेतली.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आई गेली आहे हे. एकदा सकाळी ते गाडी घेऊन निघाले ते परतलेच नाहीत. दुपारी एका ट्रकवाल्याचा फोन आला. सूरजागडहून खनिज भरून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत, ऐन रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून बाबा खाली उतरले होते आणि प्रत्येक ड्रायव्हरला वनखात्याचा नाका कुठे गेला म्हणून विचारत होते. तो नाका उठून किती वर्षं झाली, मलाही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, आता यांच्या हातात स्टिअरिंग देऊ नका.

मी चावी लपवून पाहिली. बाबांनी दोन दिवस घर उपसलं. तांदळाचा ड्रम पालथा केला, गाद्या उसवल्या, जेवले नाहीत, आणि शेवटी दारात बसून लहान मुलासारखे रडले. ते रडणं मला बघवेना. म्हणून हा सेलचा डाव. चावी खिशात राहील, गाडी अंगणात राहील, फक्त चालणार नाही. दोष कुणाचाच नाही, सेल संपला. किती हुशार मी!

"सेल संपला त टाक ना मंग," बाबा म्हणाले.

"इथी भेटत नाई जी. चंद्रपूरले भेटते."

"मंग जाशीन तवा आणजो."

रोज हेच. रोज मी हो म्हणायचो.

बाबांचा एकच मित्र होता. बसस्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारे चाचा. मी शाळेत जायच्या आधीपासूनची ती दोस्ती. चाचा रोज दुपारी चारला दुकान अर्धवट ओढून आमच्याकडे यायचे. दोन कप चहा, थोडा रेडिओ आणि तेच ते जुने किस्से. बाबा एकच किस्सा लागोपाठ तीनदा सांगायचे आणि चाचा तिन्ही वेळा नव्याने हसायचे. मी पोटचा पोरगा, पण मला दुसऱ्याच वेळी वैताग यायचा. बाबांचा दिवस त्या चारच्या चहावर उभा होता, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

चावीतला आधीचा सेल चाचांनीच बदलला होता. तेव्हा बाबांनी एक खिळा घेऊन नव्या सेलवर दोन आडव्या रेघा ओढल्या होत्या. ही त्यांची जंगलातली सवय. कॅम्पवर सगळ्यांचे टॉर्चचे सेल सारखे, आणि आपला संपलेला ठेवून दुसऱ्याचा चांगला उचलणारे महाभाग खूप. म्हणून बाबा आपल्या प्रत्येक सेलवर दोन रेघा मारत. संपलेले सेल ते जीपच्या बॉनेटवर उन्हात तापवत; तापले की आणखी एखादी रात्र निघायची. मी लहान असताना आमच्या घराच्या कौलांवरही वाळवणाच्या शेजारी सेल वाळत असायचे. हे सगळं मला माहीत होतं. तरी ओट्यापाशी उभं राहून सेल बदलताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. विसरण्याचा आजार कुणाला झाला होता, कोण जाणे.

रविवार होता. मी घरीच होतो. चाचा आले, चहा झाला आणि बाबांनी खिशातून चावी काढली.

"याच्यातला सेल काढून दे बा. दोन दिस उनात ठेवतो."

चाचा हसले. "भाऊ, हा बटन सेल हाय. हा टॉर्चवानी नाई, उनात ठेवून काई फायदा नाई."

"तू काढ त खरं."

चाचांनी नखानेच खटकी सरकवली, चावी उघडली आणि सेल बाबांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. उजेडाकडे धरला. मला त्या क्षणी त्या दोन रेघा आठवल्या.

"हा माहा सेल नाई," बाबा म्हणाले. "माह्या सेलवर दोन रेघा रायते. माहा कुठी हाय?"

त्यांनी चाचांकडे बोट केलं.

"ही चावी उघडता तुले एकट्यालेच येते. तू बदलला. काऊन बदलला बे?"

चाचांनी तो सेल हातात घेतला. आयुष्यभर घड्याळं उघडलेला माणूस. चार महिन्यांपूर्वी आपण नवा सेल घातला होता आणि हा भलताच जुना आहे, हे त्यांना एका नजरेत कळलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर जे काही होतं, ते त्यांनी वाचलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण मी बोललो असतो तर बाबांनी चांगला सेल मागितला असता, गाडी बाहेर निघाली असती, कुणाचं तरी लेकरू चाकाखाली आलं असतं. हे मी स्वतःला नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त भ्यालो होतो. मूग गिळून बसलो.

"हो भाऊ," चाचा म्हणाले. "गलती झाली माही. नवा टाकून देतो."

बाबा उठून उभे राहिले. "चाय पिवून घरात चोरी करतं? निंघ. पुन्हा इथी दिसू नको."

चाचांनी चप्पल घातली. फाटकाची कडी नेहमी आवाज करते. त्या दिवशी त्यांनी ती हळू लावली.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. त्यांच्या डोळ्याला भिंग होतं, ते त्यांनी काढलं नाही. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "गाडी बंद हाय ना? मंग झालं." मी म्हटलं, चाला ना घरी, ते विसरले असतील. चाचा आले, तेही दोनदा. दोन्ही वेळा बाबांनी फाटकातूनच ओळखलं आणि अंगणातला दगड उचलला. माझ्या मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं, आपण जेवलो की नाही तेही आठवत नव्हतं. चाचा चोर आहेत, एवढं मात्र पक्कं ध्यानात. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, घडलेलं जातं, पण राग राहतो. तिसऱ्यांदा मी बोलवायला गेलो तेव्हा चाचा म्हणाले, "मले पाह्यलं का त्याचा जीव जळते. कायले येऊ?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फरक इतकाच की इथे चोर रोज संन्याशाच्या दुकानावरून ऑफिसला जात होता. पुढे मी रस्ता बदलला.

बाबा अजूनही चारला माझ्या बायकोला हाक मारतात, "दोन कप ठेव बाई." ती ठेवते. फाटकाकडे बघत ते आपला कप संपवतात. "काऊन नाई आला आज?" असं विचारतात, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू कडवट होत जातो. "हां. तो चोर." दुसरा कप तसाच असतो. पुन्हा दुसऱ्या दिवशी दोन कप. अंगणात उभी राहून राहून गाडीची मोठी बॅटरीही गेली. आता कुठलाही सेल घातला तरी ती सुरू व्हायची नाही. ज्या खोट्यासाठी मी एक माणूस घालवला, ते खोटं आता खरंच झालं होतं.

हे लक्षात आलं त्या दिवशी मी ठरवलं. आता लपवायचं तरी कशासाठी? चार वाजता मी बाबांसमोर, चाचांच्या जागेवर बसलो. पाकिटात जपून ठेवलेला तो सेल काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाबांनी तो उजेडाकडे धरला. अंगठ्याचं नख रेघांवरून फिरवलं. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा असा फुलला नव्हता.

"माहाच हाय! कुठी भेटला?"

"माह्याजवळच होता, बाबा. मीच काढला होता. तुमी गाडी चालवू नये म्हणून. चाचानं काईच नाई केलं."

मी ते तीनदा सांगितलं. त्यांना नीट ऐकू येतं, तरी मोठ्याने सांगितलं. मला वाटत होतं, आता हात उचलतील. उचलावा, असंच वाटत होतं. तो दगड माझ्यासाठी होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्यानंच परत देल्ला ना तुले? आन् तू त्याच्यासाठी खोटं बोलून राह्यला. तुही मायबी अशीच होती, दुसऱ्याचं आपल्यावर घ्यायची." त्यांनी माझी मूठ उघडली, सेल आत ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटली. "हा तू ठेव. घरच्या माणसाजवळ राह्यला म्हंजे कोणी बदलणार नाई."