अक्का आणि एक इंग्रजी क्रियापद

महादू दारात उभा होता आणि आत यायला तयार नव्हता. पनवेलहून सकाळची एस.टी. पकडून तो पुण्याला आला होता, पत्ता विचारत विचारत आमच्या घरापर्यंत पोचला होता. महादू म्हणजे अक्काकडे घरकाम करणाऱ्या लक्ष्मीचा नवरा. मिठागरावर काम करणारा हा माणूस एरवी भेटला की आधी हसायचा आणि मग बोलायचा. तो हसला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं. "ताई, बाई गेल्या. आज पहाटंला," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, पण तिला तर बरं वाटत होतं..." तो खाली बघत टोपी हातात फिरवत राहिला. मी पनवेलहून निघून अजून आठवडासुद्धा झाला नव्हता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमती. पनवेलच्या मुलींच्या शाळेत तिने कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवलं. गावात तिला सगळे 'इंग्रजीच्या बाई' म्हणत. तिला जाऊन आता दीड महिना होत आला. तिच्याबद्दल लिहा असं तिच्या दोन-तीन विद्यार्थिनींनी सुचवलं, तेव्हा त्यातल्या प्रत्येकीने त्या एका शब्दाची आठवण काढली. 'इम्प्रूव्ह.' हा शब्द बाई किती वेगळा शिकवायच्या, असं त्या म्हणाल्या. तो तसा का शिकवायच्या, हे मात्र त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं. अक्काने आयुष्यात एकदाच, मला एकटीलाच ते सांगितलं होतं. आता ते सांगायला हरकत नसावी.

अक्काचं लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि मी आठ. भावोजी मामलेदार कचेरीत कारकून होते. उंच, सडपातळ, गाण्याची आवड असलेले, आणि मला 'मॅडम' म्हणून चिडवणारे. लग्नानंतर तीन-चार वर्षांतच त्यांना खोकला लागला आणि मग ताप. क्षय आहे असं निदान झालं, तेव्हा आजच्यासारखी इंजेक्शनं हाताशी नव्हती. विश्रांती, दूध, अंडी आणि स्वच्छ हवा हाच उपाय. घाटावरच्या एका सॅनेटोरियममध्ये त्यांना ठेवलं. अक्का दर पंधरवड्याला मोटारीने जायची. तिथले मोठे डॉक्टर इंग्रज होते. मराठी त्यांना येत नव्हतं आणि अक्काचं इंग्रजी म्हणजे लग्नाआधी शाळेत शिकलेली चार-दोन पुस्तकं. ते वॉर्डातून फिरता फिरता तिच्याजवळ थांबायचे, हसून म्हणायचे, "ही इज इम्प्रूव्हिंग," आणि पुढे जायचे.

माहेरी आल्यावर तिने वडिलांच्या जुन्या शब्दकोशात तो शब्द काढला. अर्थ दिला होता : सुधारणे, बरे होणे. त्यातल्या 'बरे होणे'वर तिची नजर थांबली. आपल्या मराठीत 'तो बरा होतोय' आणि 'तो बरा झाला' यांच्यामध्ये बोलताना फारसं अंतर उरत नाही. आणि ज्या माणसाला बरं व्हावं म्हणून आपण रात्रंदिवस देवाला विनवतो, त्याच्याबाबतीत तर ते अंतर दिसतही नाही. त्या वर्षी भावोजींनी गणपतीला घरी यायचा हट्ट धरला. त्यांचं वजन वाढलं होतं, ताप नव्हता, गालांवर थोडा रंग आला होता. मोठे डॉक्टर त्या दिवशी गावाला गेले होते. तिथल्या मदतनिसाने सांगितलं, नेणार असाल तर स्वतःच्या जबाबदारीवर न्या, इथे सही करा. अक्काने सही केली. डॉक्टर गेले दोन महिने स्वतःच्या तोंडाने बरे झाले म्हणत होते, मग सहीला काय घाबरायचं?

तो गणपती मला आठवतो. भावोजींनी आरती म्हटली, उंच पट्टीत म्हटली. उकडीचे मोदक खाल्ले. लोक बघायला आले तेव्हा अक्का सगळ्यांना सांगत होती, बरे झाले, डॉक्टरच म्हणाले. आईनेसुद्धा तिची दृष्ट काढली. नवरात्रात पुन्हा ताप आला. दिवाळीला आमच्याकडे पणत्या लागल्या नाहीत.

सासरच्यांनी तिला एका शब्दाने दुखवलं नाही. उलट, घरी येऊन सगळ्यांच्या हातचं खाऊन गेला, असं म्हणत सासूबाई तिलाच धीर द्यायच्या. त्यामुळे तिच्या मनात जे चाललं होतं ते बाहेर पडायला वाटच मिळाली नाही. तिने काय केलं, तर ती इंग्रजी शिकायला बसली. लोकांना वाटलं, विधवा बाई, पोटापाण्याची सोय बघतेय. ते खरंही होतं. बाहेरून बसून ती मॅट्रिक झाली, पुढच्या परीक्षा दिल्या, शाळेत लागली. आमचे वडील गेल्यावर तिने मला पनवेलला स्वतःजवळ आणलं आणि माझं लग्न होईपर्यंत मी तिच्यापाशीच, वडाळे तळ्याकाठच्या त्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहिले. तिथेच एका दुपारी, मी भांडी लावत असताना, कसलाही संदर्भ नसताना तिने मला हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "मी चुकीचा शब्द नव्हता ऐकला, शांता. शब्द बरोबर होता. त्याच्यापुढे जे नव्हतं ते मी स्वतःच्या मनाने भरलं." मग उठून तिने दिव्याची काच पुसायला घेतली. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

वर्गात मात्र तो शब्द आला की ती पुस्तक मिटायची. मीही त्या वर्गात बसले आहे, म्हणून सांगते. फळ्यावर ती एकाखाली एक वाक्यं लिहायची. हस्ताक्षर इम्प्रूव्ह करता येतं. जमीन इम्प्रूव्ह करता येते, रस्ता करता येतो, स्वतःचं इंग्रजी करता येतं. पण दुसऱ्या माणसाला इम्प्रूव्ह केलं असं सहसा म्हणत नाहीत. माणूस आपला आपणच इम्प्रूव्ह होतो, आपण फार तर शेजारी बसायचं. मग आजाऱ्याचं वाक्य यायचं. ते सांगताना तिचा आवाज खाली जायचा. "आजारी इम्प्रूव्ह होतोय याचा अर्थ कालच्यापेक्षा आज बरा आहे. इतकाच. काल किती वाईट होतं ते या शब्दाला माहीत असतं. उद्याचं त्याला काही माहीत नसतं." बरा झाला असं म्हणायचं असेल तर इंग्रजीत वेगळा शब्द आहे, तो वापरा, असं म्हणून ती 'रिकव्हर्ड' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहायची आणि मुलींकडून दोन्हींची वाक्यं करून घ्यायची. मुलींना कंटाळा यायचा. परीक्षेत यावर कधी प्रश्नसुद्धा यायचा नाही.

प्रगतिपुस्तकावर इतर शिक्षक शेरा मारायचे, 'कॅन इम्प्रूव्ह'. मुख्याध्यापकांचा तसा रिवाजच होता. अक्काने तो कधी मारला नाही. ती मराठीत लिहायची, हिला भूतकाळ जमत नाही, रोज थोडा सराव घ्या. मुख्याध्यापक रागावले, तुम्ही इंग्रजीच्या बाई आहात की मराठीच्या, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी पुन्हा मराठीतच लिहिलं. जवळच्या नेरे गावच्या एका शेतकऱ्याने तिला येऊन विचारलं होतं, पोरगी सुधारंल का वो बाई, आधीच्या बाईनं तसं लिवलं हाय. त्याची ती मुलगी वर्गात पहिली-दुसरी यायची. बापाला वाटलं होतं, पोर वाया गेली.

आमच्या घराखाली इब्राहिमभाईंचं कापडाचं दुकान होतं. इंग्रजी काही आलं की ते वर यायचे. त्यांच्या बायकोला, हाजराबींना, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं होतं. तिचा भाऊ तिथे होता. एका सकाळी ते तार घेऊन आले. तारेत होतं की तब्येत इम्प्रूव्ह होतेय. इब्राहिमभाईंनी ते कुणाकडून तरी आधीच वाचून घेतलं होतं. फक्त आनंद सांगायला ते जिना चढून आले होते. रमजानचे शेवटचे दिवस होते, दुकानात गर्दी होती. म्हणाले, "खुदाचा शुकर आहे, बाई. आता ईद झाली की जातो." अक्काने तार दोनदा वाचली. मग म्हणाली, "आजच जा."

त्यांना ते आवडलं नाही. चांगली खबर आणली असताना ही बाई असं काय बोलते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अक्काने त्यांना वर्गातल्या मुलीला समजवावं तसं समजावलं की यात बरी झाली असं लिहिलेलं नाही. आणि बरं वाटतंय तोवरच जाऊन भेटावं, तिलाही बोलता येईल. ते खाली गेले. थोड्या वेळाने दुकानाच्या फळ्या लावल्याचा आवाज आला.

हाजराबी शुद्धीवर होत्या. नवरा-बायको दिवसभर बोलत होती म्हणे. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

बाजारात याचं वेगळंच झालं. बाईंनी चांगल्या तारेत वाईट वाचलं आणि तसंच घडलं, असं बायका बोलू लागल्या. त्यात अक्का विधवा. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतंच, आता तारा आणि इस्पितळाचे कागद घेऊन जिना चढणंही लोकांनी सोडलं. जिना चढले ते इब्राहिमभाई. खाली बघत म्हणाले, "बाई, तुम्ही बोलला नसता तर मला फक्त माती द्यायला मिळाली असती." अक्काने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर ती बराच वेळ दारातच उभी राहिली. तिला थोडं तरी हलकं वाटलं असेल का? मी तेव्हा बघत होते, पण मला ओळखता आलं नाही.

माझं लग्न होऊन मी पुण्याला आले, मुलं झाली. ती सुट्टीतसुद्धा फारशी यायची नाही. गेल्या वर्षी तिच्या पायांवर सूज यायला लागली, मग चेहऱ्यावर. मूत्रपिंडं बिघडली होती. मुंबईला जायला ती तयार नव्हती. मुलांना सासूबाईंवर सोपवून मी पनवेलला जाऊन राहिले. मिठाशिवायचं जेवण ती तोंड वाकडं न करता जेवायची, आणि लक्ष्मी, जिचं सगळं घर मिठावर जगत होतं, ती रोज त्यावर हळहळायची. मग एकाएकी सूज ओसरली. अक्काने भात मागून घेतला, केस विंचरून घेतले. तरुण डॉक्टर तपासून गेले तेव्हा जिन्यात मला म्हणाले, "इम्प्रूव्हमेंट आहे. तुम्ही थोडे दिवस घरी जाऊन या." पुण्याला धाकट्याला गोवर निघाला होता, तसं पत्र आलं होतं.

मी अक्काला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ती म्हणाली, "मग जा की."

"अक्का, या शब्दाचा अर्थ मी तुझ्याकडूनच शिकलेय."

ती हसली. फार दिवसांनी हसली. "ते वर्गातलं झालं," ती म्हणाली. "मी बरी आहे, शांता. जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. धुतलेलं लुगडं, अंगावर शाल. इतक्या दिवसांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या मनावरचं ओझंच उतरलं. मी पाया पडले, तिने पाठीवर हात ठेवला आणि मी टांग्यात बसले. मागे वळून पाहिलं तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती.

अक्काचे दिवस झाल्यावर खोल्या आवरताना लक्ष्मीने मला बाकीचं सांगितलं. ती जमिनीवर बसून पितळेची भांडी पोत्यात भरत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "तुमी जायच्या ना, त्या दिवशी बाईंनी मला लवकर बोलावलं होतं. म्हनल्या, शांता उठायच्या आधी मला बसव. बसवत नव्हतं वो त्यांना. मी पाठीला उशी लावली, बाजूला गोधडी दाबली. तुमचा टांगा तळ्याकडनं वळला, दिसंनासा झाला, तवा म्हनल्या, आता निजव मला..." ती थांबली. "मंग त्या उठल्याच नाय. मी म्हनलं, ताईला सांगावा धाडू का? तर नको म्हनल्या. तिची पोरं हायत, म्हनल्या."

मी तिला विचारलं, त्रास फार झाला का. लक्ष्मीने भांड्यांचं पोतं बांधलं आणि मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते मी पुन्हा विचारलं नाही.

पुस्तकं शाळेला दिली. कपडे लक्ष्मीने नेले, भांडी मी आणली. घरमालक भले आहेत, खोल्यांची घाई नाही म्हणाले. कुलूप लावायच्या आधी मी एकदा आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले. सगळं हललं होतं, खाटसुद्धा उभी करून भिंतीला टेकवली होती. खुर्ची तेवढी खिडकीशी होती, तोंड रस्त्याकडे. पाठीची उशी तशीच, बाजूला दाबलेली गोधडी तशीच. किल्ली लक्ष्मीकडे आहे, खोली झाडायला ती अजून रोज जाते, खुर्ची मात्र तिने हलवलेली नाही. खुर्चीच्या भोवतीने केर काढते, आणि जाताना खिडकी लोटून घेते.