युरोपचं सैन्य आणि कावळ्यांची जाळी

क्योतोत आमच्या वरच्या मजल्यावर एक मराठी संशोधक राहायचे. त्यांचा विषय युरोपचं सामायिक सैन्य. जिन्यात गाठ पडली की चष्मा कपाळावर चढवून सुरू व्हायचे, "सैन्य होणारच हो. हुकूम कोणाचा, एवढंच ठरायचंय." तिकडे युरोपातच बोस्निया युद्धात जळत होता. माझ्या हातातल्या जड पिशव्या त्यांना कधी दिसल्या नाहीत.

कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून सगळ्यांच्या कचऱ्यावर जाळी पसरायची आमच्याकडे पाळी असे. त्यांच्या पाळीला मी खाली गेले, तर जाळी फक्त त्यांच्या पिशवीवर, दुहेरी.

"अहो, आणि आमच्या पिशव्या?"

"तुमची संमती घेतली नव्हती ना."

तोवर कावळ्याने माझी पिशवी फोडून माशांची डोकी रस्त्यावर आणली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आता मात्र बैठक घ्यायला हवी."