अंगठ्यात अडकलेला शिंगाडा

यंदाच्या मे महिन्यात आक्काच्या शेताखाली मांजरा नदी आटत आटत एका डबक्यापुरती उरली होती, आणि त्या डबक्यात हातभर लांब शिंगाडा मासा अडकला होता. मिशा चिखलात, पाठ उन्हात. आक्का माझी थोरली बहीण. गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा चालत नाही. म्हणाली, "जीव हाय त्यो. बंधाऱ्यापलीकडल्या डोहात सोडू." दाजींनी घमेलं आणलं. मी म्हटलं, "घमेलं कशाला? हातानंच उचलतो की!" लातुरात मी जिवंत मासा पाहिलाय तो फक्त दाताच्या डॉक्टरकडच्या काचेच्या पेटीत.

उचलला. कल्ल्यामागचा करवतीसारखा काटा त्यानं ताठ केला आणि तो थेट माझ्या अंगठ्यात शिरला. ओढला तर आणखी रुतला. मासा कुर्र-कुर्र वाजत होता, मी त्याहून मोठ्यानं.

दाजींनी कंबरेला खोचलेला विळा काढला. "पाव्हणं, डोळे मिटा. मुंडकं उडवतो, मग काटा सावकाश काढू."

"माझ्यादेखत न्हाई," आक्का म्हणाली.

"मग काय भावाचा अंगठा उडवू?"

"तेबी बगू. आधी डोह गाठा."

घमेल्यात पाणी, पाण्यात मासा आणि माशाला टांगलेला मी. अशी आमची वरात निघाली. बंधाऱ्यापलीकडं पोचेपर्यंत कोपरापर्यंत कळा चढल्या. पाणी लालसर झालं. रक्त त्याचं की माझं, कळेना. वाटेत त्याचं वाजणं मंदावलं.

"मेला तर तुझ्या हातावर मरंल," आक्का पुटपुटली. हा मला दिलेला धीर!

डोहात हात बुडवून मी काठावर पालथा पडलो. "ओढू नको. हलू बी नको," ती म्हणाली.

मासा गप्प. कल्ला हलेना.

"थांबायचं तरी किती? बोट काळं पडायलंय," म्हणत दाजी विळा घेऊन वाकले. आक्कानं त्यांचं मनगट धरलं.

तेवढ्यात एक मिशी माझ्या हाताला लागली. कल्ला एकदा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. काटा सैल झाला. तो निघताना डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण बोंबललो नाही, तेवढी अब्रू राखली. शेपटीचा फटका तोंडावर बसला आणि हात मोकळा झाला.

आक्का लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरली. "खाली गेला का? उलटा तर न्हाई ना झाला?" पाणी स्थिर होईपर्यंत ती बघत राहिली. मी ठिबकता अंगठा धरून मागं उभा.

"गेला त्यो नीट," दाजी म्हणाले. "आता ह्यांच्याकडं बी बघ जरा."